एकच सकाळ

"चूक तुलकाची नाही, आपली आहे," बशीर मुजावर म्हणाला. केतकी शिंत्रेनं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

कोल्हापूरच्या स्मृतिशाळेत दोघांनी मिळून तुलक नावाची यंत्रणा बांधली होती. केतकीचे वडील, अण्णा, या यंत्रणेचे पहिले रुग्ण. मेंदूतली गाठ काढण्याआधी त्यांच्या सगळ्या आठवणी उतरवून घेतल्या आणि प्रत्येक प्रसंगाचा वेगळा फोल्डर केला. शस्त्रक्रियेनंतर त्या परत भरायच्या होत्या डोक्यात बसवलेल्या चिंचोक्याएवढ्या स्मृतिबीजात. पण मावतील तर शपथ! मग तुलकानं फोल्डर शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. नव्वद टक्के जुळले की ते एकच समजायचे, सर्वांत जुना ठेवायचा, बाकीचे पुसायचे. मूळ संचही नंतर नष्ट केला, कारण माणसाच्या आठवणींची नक्कल बाहेर ठेवायला कायद्यानं बंदी होती.

अण्णा बरे झाले. नावं, गावं, पाढे, सगळं ठणठणीत. फक्त केतकी समोर आली की मान खाली घालायचे. का, ते त्यांनी आज सांगितलं होतं.

"केतू, तुझी आई गेल्यावर मी तुझी वेणी एकदाच घातली. भांग वाकडा झाला, तू भोकाड पसरलंस. त्यानंतर मी कधी हातच लावला नाही. असला कसला बाप मी!"

एकदाच? दहावीपर्यंत रोज सकाळी, त्याच खुर्चीत, त्याच लाकडी फणीनं अण्णांनी तिच्या वेण्या घातल्या होत्या!

"मी पहिल्याच दिवशी रडले होते रे," ती बशीरला म्हणाली. "बाकीचे दिवस वेगळे नव्हते का?"

"रडणं उरलेल्या दहा टक्क्यांत गेलं. खोली तीच, फणी तीच, पोरगी तीच. तुलकाच्या लेखी तो एकच प्रसंग. तुमची भांडणं मात्र दरवेळी नवीन, ती सगळी शाबूत आहेत."

"मग नव्वदाची मर्यादा वाढव."

"पुसलेलं परत येतंय होय? आणि वाढवली तर बीज महिन्याभरात भरेल. मग पुढचं काहीच त्यांच्या लक्षात राहणार नाही."

केतकीनं डोळे पुसले. "बरं. आता मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या ती खुर्चीत बसली आणि तिनं लाकडी फणी अण्णांच्या हातात दिली. अण्णा आधी घाबरले, मग हळूहळू हात चालायला लागले. केतकी पोटभर हसली.

त्या रात्री अण्णा झोपले आणि स्मृतिबीजातल्या तुलकानं नेहमीप्रमाणं दिवसभरातले प्रसंग जुन्यांशी ताडून पाहिले, जुळले ते पुसले. सकाळी अण्णांची मान खालीच. "केतू, मी तुझी वेणी एकदाच घातली..."

अगं बाई! जिनं यंत्र बांधलं तिलाच त्याचा विसर पडावा? तीच खुर्ची, तीच फणी! केतकीला स्वतःचीच चीड आली. पण हार मानणारी ती नव्हतीच. तिनं अण्णांना गाडीत बसवलं, बशीरला बोलावून घेतलं आणि भर संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर केस सोडून बसली. लोक बघायला लागले. बशीर भडंग खात आगाऊ सूचना द्यायला लागला.

"डावीकडं घ्या अण्णा, डावीकडं!"

"तू गप रे! तुला आहेत का केस?" अण्णा खेकसले.

सकाळी अण्णा स्वतःहून तिच्या खोलीत आले. मान ताठ होती.

"केतू, काल रंकाळ्यावर तुझी वेणी घातली बघ मी! भांग वाकडाच आला. पण तू रडली नाहीस."

"नाही रडले, अण्णा," केतकी म्हणाली.

"मग बस इथं. आजपासून रोज घालतो."

त्यांनी खुर्ची ओढली. लाकडी फणी हातात होतीच. केतकीला तिथं बसायची फार, फार इच्छा झाली. पण साधी सकाळ आता तिला परवडणार नव्हती. तिनं गाडीची किल्ली घेतली.

"इथं नको, अण्णा. पन्हाळ्यावर जाऊ."

"वेणी घालायला पन्हाळ्यावर? आणि उद्या?"

"उद्यासाठी दुसरं शोधते," केतकी म्हणाली. "तुम्ही चप्पल घाला."