पेवातून आलेली टोपली

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या घरात घडलेलं आहे. आणि रात्री नाही, टळटळीत दुपारी.

गाव मोशी. साल त्रेपन्न, वैशाख महिना.

तेव्हा ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. तोंड माणूस जाईल एवढंच, त्यावर दगड. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. म्हणून आधी दोराने पेटता कंदील खाली सोडायचा. तो पेटता राहिला, तरच माणूस उतरायचा. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

माझे वडील मालोजी आणि थोरले चुलते हिंदुराव पेवाचा दगड सरकवून भाकरी खायला गेले. शेजारचे अर्जुनराव कंदील आणायला गेले होते. दरवर्षी पहिले तेच उतरायचे.

दोघे भाऊ परत आले तर...

खालून ज्वारी ओढल्याचा आवाज येत होता.

खर्रर्र... खर्रर्र...

"अर्जुनराव, उतरलात बी व्हय?" चुलत्यांनी विचारलं.

"टोपली सोडा..."

पेवात कोणाचाही आवाज घुमून सारखाच येतो. त्यांनी टोपली सोडली. ती भरून वर आली. दुसरीही आली.

चुलते हसले. "आज लई घाई हाय गड्याला."

"एक मानूस धाडा..." खालून आवाज आला.

आत माणूस काम करतोय म्हणजे हवा चांगलीच असणार. तुम्हीही हेच म्हटलं असतं. चुलते दोर धरून उतरले.

खरखर थांबली.

वडिलांनी मान वर केली...

नदीकडच्या वाटेने अर्जुनराव येत होते. हातात कंदील.

"दादा, वर ये!"

वडील पेवात वाकून ओरडले.

वडील तसेच आत उतरायला निघाले. अर्जुनरावांनी त्यांना कव घालून धरलं. कंदील सोडला, विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. सगळा गाव जमला आणि नुसता बघत राहिला. वडील पेवाच्या तोंडाशी पालथे पडून हाका मारत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

दिवस मावळताना कंदील पेटता राहिला. अर्जुनराव उतरले. चुलते केव्हाच गेले होते.

आत ज्वारी सपाट होती. उमटलेली पावलं फक्त चुलत्यांची.

वर आलेली ज्वारी मात्र पोत्यावर तशीच पडून होती. तिला चिमणीनेसुद्धा चोच लावली नाही.

पेव मुरूम टाकून बुजवलं. तरी तिथून जाताना वडिलांना हाक यायची.

"मालोजी... टोपली सोड..."

आवाज चुलत्यांचा.

तो दादा आहे, की दादाला नेणारा, हे त्यांना कधीच कळलं नाही. "दादाच आसंल तर मी वळूनबी बघितलं न्हाई, आसं व्हईल की रं," म्हणायचे.

वडील म्हातारे होऊन घरीच गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. सोडेचनात.

"कंदील पेटता हाय का रं?" त्यांनी विचारलं.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "व्हय आप्पा, पेटता हाय."

त्यांनी हात सोडले...

मग हळूच दोन्ही पाय खाटेखाली सोडले. खाली उतरायला निघाल्यासारखे.

तेवढ्यात प्राण गेला.

पेवाच्या जागेवर आता सोसायटीचं पार्किंग आहे. मी गाडी बाहेर रस्त्यावर लावतो. आप्पांच्या आवाजात हाक आली तर काय करायचं, ते मला माहीत नाही.