सातव्या डब्यातला कॉल

ही गोष्ट माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, मनिषाताईंच्या बाबतीत घडली. त्या वेळी मी भिंतीपलीकडच्या खोलीत होते. ज्यांना थाप वाटेल त्यांना खुशाल वाटू द्या. मला कुणाला पटवायचं नाही. मला राग आलाय, म्हणून लिहितेय.

दोन हजार पंचवीस सालची सोळा मे. शुक्रवार. पूर्णा, स्टेशनमागचं आमचं घर.

रात्र नव्हती. दुपारचा एक वाजला होता. बाहेर लख्ख ऊन.

ताई घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायच्या. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी आलेले कॉल घेणारी सिस्टीम होती ती. बारा कंटेनरमध्ये चालायची. कंटेनर म्हणजे सर्व्हरवरचे डबेच समजा, प्रत्येक डबा आपापले कॉल घेणारा. त्यांच्यावर लक्ष ठेवायला मुकादमासारखं एक मोठं सॉफ्टवेअर. एक डबा मेला की त्यानं लगेच दुसरा उभा करायचा.

दोष मुकादमातच निघाला. मेलेला डबाही तो जिवंत मोजायचा. कॉल त्या डब्यात जायचा आणि नुसता वाजत राहायचा.

स्क्रीनवर मात्र बाराच्या बारा हिरवे.

दुरुस्तीचा अपडेट अठ्ठावीस एप्रिललाच आला होता. वर लाल अक्षरांत लिहिलेलं... ताबडतोब टाका.

ताडकळसचा धम्मानंद हा ताईंचा कामातला जोडीदार. तो ग्रुपवर रोज विचारायचा, "सर, अपडेट टाकू का?"

पुण्यातल्या शंतनु साहेबाचं रोजचं एकच उत्तर. "क्लायंटपुढचा डेमो होऊ दे. हिरवं दिसतंय ना सगळं?"

सहा मेला धम्मानंदच्याच छातीत कळ आली. त्याच्या बायकोनं, बबितानं, त्याच अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लावला.

"सतरा मिनिटं वाजायलता हो ताई फोन," मातीला गेलेल्या ताईंना ती म्हणाली. "कुणीच कसा उचलला न्हाई?"

कंपनीनं तिला कळवलं, तुमच्याकडून कॉल आल्याची नोंद नाही. झालं. सासरा चारचौघांत म्हणाला, "घाबरून हिनं फोनच लावला नसंल." नवरा गेला तो गेलाच, वर हा ठपका.

आणि सोळा तारखेला, डेमो झाल्यावर, साहेबाचा हुकूम आला. आता टाका अपडेट.

या कामाची एक रीत होती. एकानं डब्याचा नंबर मोठ्यानं म्हणायचा. जोडीदारानं हिरव्या रंगावर न जाता आत शिरून डबा खरंच जिवंत आहे का ते बघायचं आणि सांगायचं. मगच जुना डबा पुसायचा. पुसला की त्यातल्या नोंदीही गेल्या.

डबा जिवंत असला की धम्मानंद सांगायचा, "हाय."

"कन्फर्म्ड म्हण रे. गावात आहेस का?" साहेब टोमणा मारायचा.

"गावातच हाय की, सर!"

त्या दिवशी साहेब टीमच्या कॉलवर आला आणि लगेच निघाला. "मनिषा, मला मीटिंग आहे. एकटीच उरक. जुन्या नोंदी ठेवत बसू नकोस."

"सर, जोडीदाराशिवाय?"

"हिरवं आहे ना सगळं?"

कॉलवर एकच नाव उरलं. ताईंचं.

संतापातच त्यांनी पहिला डबा उघडला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "एक."

हेडफोनमध्ये...

"हाय."

ताई गारठल्या. समोर कूलर फिरत होता, पण त्याचा आवाज येईनासा झाला होता.

"दोन..."

"हाय, ताई."

मी शेजारच्या खोलीत माझ्या लेकीला, सृष्टीला, झोळीत झोपवत होते. मला फक्त ताईंचे आकडे ऐकू येत होते, बाकीचं त्यांनी मागून सांगितलं. प्रत्येक आकड्यानंतर त्या थांबायच्या... कुणीतरी उत्तर देईपर्यंत थांबावं, तेवढ्याच.

"सात."

काहीच नाही.

सातवा डबा हिरवागार. ताईंचं बोट पुसायच्या बटणावर.

"सात..."

लांबून कुठूनतरी फोनची रिंग ऐकू आली. वाजतच राहिली...

मग अगदी कानाशी, "न्हाई, ताई."

ताईंनी हात मागे घेतला. आत शिरून बघितलं. सातवा डबा मेलेला होता. त्यात एकच कॉल अडकला होता. सहा मे, एक वाजून दहा मिनिटं. बबिताचा नंबर. सतरा मिनिटं.

ताईंनी ती नोंद उतरवून घेतली. आधी बबिताला पाठवली, मग तिच्या सासऱ्याला. मगच डबा पुसला. पुढच्या पाच आकड्यांना कुणी 'ओ' दिली नाही. ते त्यांनी एकटीनं तपासले.

आठवड्यानं साहेबानं विचारलं, नोंद बाहेर कुणी दिली?

"मी," ताई म्हणाल्या. त्यांची नोकरी गेली. साहेब आहे तिथंच आहे.

इथवर असतं तर मी गप्प बसले असते.

ऑगस्टमध्ये तापात सृष्टीला झटका आला. तिचे डोळे फिरले. घरात मी एकटी. मी तोच नंबर लावला. एकच रिंग झाली. माझ्या तोंडून शब्द फुटेना...

"हाय, ताई, हाय. गाडी निघाली."

मी पत्ता सांगितलाच नव्हता.

गाडी आली. पोरगी वाचली. पुढं ताईंनी जुन्या ओळखीतून चौकशी केली, तो कॉल कुठल्या डब्यानं घेतला म्हणून.

उत्तर आलं... त्या नंबरवरून कॉल आल्याची नोंदच नाही.

जिवंतपणी त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि मेल्यावरही तो ड्युटीवरच? कुणाच्या चुकीपायी?

तो नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही. रात्रंदिवस पोरीच्या कपाळाला हात लावून बघते. पुन्हा फोन लावायची वेळ आली आणि पलीकडून "हाय" आलं तर...

आणि नाही आलं तर?