नवसात राहून गेलेलं

तसं काम साधंच होतं. रविवारी सासूबाईंना गावाबाहेरची ती जुनी हवेली आणि तिची बाग दाखवायची, म्हणून आधी फोन करून दोन गोष्टी विचारून घ्यायच्या.

झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. कूस बदलायलाही मी लागायचे. दवाखान्यात त्या शुद्धीवर येईनात, तेव्हा मी मनातल्या मनात देवाला बोलले होते, 'यांना शुद्ध येऊ दे. लग्न झाल्यावर ज्या बागेत त्या पहिल्यांदा फिरल्या, तिथे मी त्यांना घेऊन जाईन. तोवर चहात साखर घेणार नाही.' दुसऱ्याच दिवशी त्यांनी डोळे उघडले. देव ऐकतो, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते.

"आटप बाई तुझा तो नवस," हे म्हणायचे. "चहा पिताना तुझं तोंड बघवत नाही."

त्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागला होता. मी ओट्यापाशी उभी राहून फोन लावला. बागेच्या राखणदारानं उचलला. मागे पानांवरून थेंब गळत असल्यासारखा आवाज येत होता.

"दादा, चाकांची खुर्ची आतपर्यंत येईल ना?"

"आजींना खुर्ची कशाला? रोज दुपारी चालत येतात की. आत्ताही कारंज्यापाशी बसल्यात."

"तुमची गल्लत होतेय. आमच्या आई अंथरुणाला खिळल्यात."

"भुवईवर व्रण आहे ना? पायात मोजे, एक निळा, एक करडा..."

मोजे सकाळी मीच चढवले होते. जोडी सापडेना म्हणून तसेच.

मी फोन कानाला धरूनच खोलीच्या दारात गेले. सासूबाई निजल्या होत्या. चादर संथपणे खालीवर होत होती. पण औषधांचा नेहमीचा वास नव्हता. भिजलेल्या मातीचा होता.

"रविवारी आणा," तो हळूच म्हणाला. "मग त्यांची रोजची ये-जा थांबेल."

"म्हणजे?"

"घेऊन येईन, एवढंच बोलला होतात तुम्ही. परत नेईन, असं कुठं बोललात..."

नवसाचे शब्द मी यांनाही सांगितले नव्हते.

मी फोन ठेवला. नवस मोडावा तर देवानं दिलेलं जाईल. फेडावा तर आई तिथेच राहतील. बोललेलं मागे घेता येत नाही, पण पुढे जोडता तर येईल, असं वाटलं. देवापुढे बसले. हात जोडताना रडू आवरेना. "देवा, त्या बागेत जे कोणी बसलंय, त्याला सुखरूप माझ्या घरी आण."

नाव घ्यायला हवं होतं. घाईत सुचलं नाही.

फोन वाजला. आता मागे थेंबांचा आवाज नव्हता.

"ताई, आजी उठल्या," राखणदाराचा आवाज बसला होता. "आणि त्यांच्या मागोमाग... सगळेच उठले. बाकं रिकामी झाली. आपल्याला घरी बोलावलंय म्हणत होते."

"सगळे कोण?"



मी खोलीत धावले. सासूबाई जाग्या होत्या. स्वतःहून कूस न बदलू शकणारी ती बाई भिंतीला चिकटून निजली होती. उरलेला पलंग मोकळा.

"आई, तुम्ही सरकलात कशा?"

"जागा नको का करायला?" त्या म्हणाल्या. शब्द स्वच्छ होते, आजारपणाआधी असायचे तसे. "दार लावू नकोस गं. म्हातारी माणसं आहेत, हळू येतील..."

रविवारी आम्ही गेलो नाही. माझा चहा अजून बिनसाखरेचाच आहे. सासूबाईंच्या डाव्या हाताला आता जोर येतोय, डॉक्टरही खूश आहेत. मी रोज देवाचे आभार मानते.

फक्त दुपारी चहा ठेवला, की त्या आतून सांगतात किती कप टाकायचे ते. आकडा अजून एकदाही कमी झालेला नाही. आणि कप विसळताना प्रत्येकाच्या तळाशी थोडी माती असते.