उपग्रह आगाशीवर थांबला तेव्हा

सांगतो ते कुणाला पटणार नाही. पटावं असा माझा आग्रहही नाही. पण आगाशीच्या आकाशात एकदा एक उपग्रह चांगला पाऊण तास उभा राहिला होता, आणि तोही श्रीरंगच्या पाण्याच्या पंपापायी. कोपऱ्यात चाफ्याच्या पुड्या बांधत बसलेल्या बाईंनी मधे बोलायचं नाही, एवढीच माझी अट.

तर राधिका. रेल्वेच्या पूर्वेला, फुलपाड्याला भाड्याच्या खोलीत राहायची. रोज आधी रिक्षा, मग रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला बस, अशी आगाशीत उतरेपर्यंत निम्मी दमलेली असायची. श्रीरंगच्या वाडीला लागून एका कंपनीने दोन खोल्या बांधल्या होत्या आणि गच्चीवर एक पांढरी तबकडी. केवढी म्हणाल, तर हत्तीने डुंबावं एवढी. खाली तीन कम्प्युटर आणि राधिका. उपग्रह समुद्राकडून कधी उगवणार हे पहिला कम्प्युटर आधीच काढून ठेवायचा आणि वेळ झाली की तबकडी त्याच्यामागे फिरवायचा. दुसरा हुकूम धाडायचा, कॅमेरा लाव, हीटर बंद कर. तिसरा प्रकृती विचारायचा, बॅटरी किती उरली, अंग किती तापलंय. सगळं दहा मिनिटांत उरकायचं, कारण तेवढ्यात स्वारी पलीकडे मावळायची.

उपग्रह म्हातारा होता. तीन वर्षांच्या बोलीवर गेलेला, सहावं चालू होतं. राधिकाला तो आपल्यातलाच वाटायचा... थकलेला, तरी वेळेवर हजर.

पण संध्याकाळच्या फेरीला त्याचं बोलणं तुटायला लागलं. आकड्यांच्या जागी नुसती खरखर. हैदराबादच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, महिन्यात सुधारा, नाहीतर आगाशी बंद करू, तुम्ही इकडे या. राधिकाला आगाशी सुटण्याचं काही वाटलं नाही. पुन्हा नवी खोली, नवा डबा शोधायचा, त्याचाच तिला कंटाळा आला.

म्हणून एका संध्याकाळी हातातला छोटा अँटेना घेऊन ती खरखरीचा माग काढत निघाली. जिथे आवाज वाढेल तिकडे पाऊल. कुंपणाच्या फटीतून वाडीत, केळींमधून पुढे, आणि थेट एका जुनाट पंपापुढे. शेजारी घोट्याएवढ्या चिखलात एक माणूस.

"टीव्ही दिसत नाही का?" त्याने विचारलं.

"तुमचा पंप ठिणग्या टाकतोय. आमच्या उपग्रहाला बोलू देत नाही."

श्रीरंगने पंपाकडे पाहिलं, मग वर. पहाटे चाफा तोडायचा, मग वसईच्या कारखान्यात पाळी, मग हे पाणी. डोळे नुसते मिटायला आलेले.

"मलाही कारखान्यात कुणी बोलू देत नाही," तो म्हणाला. "त्याला सांगा, सवय होते."

राधिका हसली. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना.

"दहा मिनिटं बंद ठेवाल?"

"कुठली दहा?"

"ती रोज बदलतात. मी... येऊन सांगत जाईन."

आता गंमत बघा. कम्प्युटर दहा दिवसांच्या वेळा एकदम छापून द्यायचा. तो कागद तिच्या खणात घडी घालून पडलेला, आणि ही रोज त्यातली एकच वेळ चिठ्ठीवर उतरवून कुंपणाच्या फटीतून न्यायची. फेरी आटोपली की परत यायची, पंप सुरू करा सांगायला.

"आज काय म्हणाला?" श्रीरंग विचारायचा.

"थंडी वाजते म्हणाला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी कोण... मी फक्त निरोप नेते."

मग पाटात पाणी चढेपर्यंत दोघं पंपाच्या कठड्यावर बसायची. बोलायचं त्राण दोघांतही नसे, आणि ते दोघांनाही बरं वाटे.

तिसऱ्या आठवड्यात तोच म्हणाला, "उद्याची सहा वाजून दोन मिनिटं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मोबाईलवर दिसतं. पुढच्या दहा दिवसांचं, एकदम."

राधिकाने हातातली चिठ्ठी मुठीत चुरगळली. "कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"चिठ्ठी बंद झाली असती की," श्रीरंग म्हणाला, आणि उगाचच पंपाचा नट पिळायला लागला.

खरखर गेली, पण बॅटरीच संपत आली होती. साहेबांचा निरोप आला, शुक्रवारी संध्याकाळच्या फेरीला उपग्रह कायमचा बंद करा, सोमवारी हैदराबादला हजर व्हा. आता मात्र राधिकाला कंटाळा आला नाही. डबा न उघडताच परत गेला.

शुक्रवारी श्रीरंग पंप बंद करून पहिल्यांदाच तिच्या दारात आला. पडद्यावर हुकूम ओळीने उभे होते. कॅमेरा बंद. हीटर बंद. शेवटचा, बोलणं बंद. तो गेला की वरून पुन्हा कधीच उत्तर नाही.

"पुढची वेळ किती?" त्याने विचारलं.

"पुढची नाहीये." तिचं बोट बटणावर. "काही सांगायचं असेल तर... हीच दहा मिनिटं."

"त्याला?"

"त्याला. नाहीतर... कुणालाही."

श्रीरंगने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि तेव्हा, शपथेवर सांगतो, उपग्रह थांबला. अर्नाळ्याच्या समुद्रावर कंदील टांगावा तसा. तबकडी हलेना, पडद्यावरची मिनिटं पुढे सरकेनात. पाऊण तास तो म्हातारा वर ताटकळला आणि श्रीरंगच्या तोंडून निघालं, "राधिका, जाऊ नका." मगच तो...

"खोटं," कोपऱ्यातून आवाज आला.

पुडीचा दोरा दातांनी तोडत राधिका म्हणाली, "नरहरीकाका, उपग्रह थांबत नसतो. सहा वाजून चार मिनिटांनी तो मावळला, आणि तोवर हे एक अक्षर बोलले नव्हते. नुसते चिखलाचे पाय घेऊन दारात उभे. पाऊण तास थांबले, ती मी."