रोखलेला श्वास

रविवारी दुपारी रुग्णालयाच्या स्कॅन विभागाला सुट्टी असे; म्हणूनच संग्रहालयाच्या बाईंनी ती वेळ मागून घेतली होती. पेशंट म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी वारलेला, कापडात गुंडाळलेला एक वृद्ध. त्या काळीही माणसांना हृदयविकार जडत असे का, एवढेच पाहावयाचे होते.

तंत्रज्ञाने त्याला यंत्राच्या सरकत्या फळीवर निजवले. जुन्या राळेचा कडवट वास खोलीभर पसरला. मृताला सूचना कशाला, म्हणून त्याने यंत्रातला ध्वनिमुद्रित आवाज बंद ठेवला.

पडद्यावर उमटलेली छाती धूसर होती.

"यंत्र बिघडलं की काय?" बाईंनी विचारले.

"छे! पेशंटने मध्येच श्वास घेतला, की असं होतं."

दोघेही हसले, पण ते हसू फार टिकले नाही.

"मग... आजोबांना सांगून तर बघा," बाई हळूच म्हणाल्या.

त्याने आवाज सुरू केला. 'श्वास रोखा...' खोलीत शब्द घुमले. या खेपेस चित्र लख्ख आले. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले होते.

तंत्रज्ञाचा हात नकळत डाव्या खांद्याकडे गेला.

"मघापासून चोळताय तो खांदा."

"पित्त आहे हो. पंधरा दिवस झाले. बायकोनेही डोकं खाल्लंय."

"आजोबांना बिचाऱ्यांना सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही तर रोज या यंत्राशेजारी बसता!"

दुसऱ्याच दिवशी तो स्वतः त्या फळीवर आडवा झाला. काचेपलीकडे त्याचा सहकारी बसला होता. छाती अशी धडधडत होती, की श्वास रोखणे जमेलसे वाटेना. 'श्वास रोखा...' त्याच क्षणी राळेचा वास आला, आणि कानाशी कोणीतरी त्याच्याबरोबरच श्वास ओढून घेतला... लहान मुलास धीर देणाऱ्या वडीलधाऱ्यासारखा. धडधड हळूहळू बसली.

एक वाहिनी जवळजवळ बुजलेली निघाली. वेळीच कळले, उपचार झाले, धोका टळला. "आता पुन्हा पित्ताचं नाव काढा, मग बघते!" असे दटावताना बायकोचे डोळे भरून आले होते.

सहकारी भेटावयास आला. "चित्र काय सुरेख आलं तुमचं! पण 'श्वास सोडा' म्हटल्याबरोबर केवढा उसासा टाकलात! माइकवर ऐकून दचकलोच मी."

तंत्रज्ञ नुसता हसला. चित्र बिघडू नये म्हणून, फळी पूर्ण बाहेर येईपर्यंत, त्याने श्वास सोडलाच नव्हता.