खड्ड्याच्या काठावर थांबलेला वायरमन

ही गोष्ट खरी आहे. आता तुम्ही म्हणाल, इथे लिहिणारे सगळेच असं म्हणतात. म्हणा बापडे. मला कोणाला काही पटवायचं नाहीये, मला फक्त एकदाचं सांगून मोकळं व्हायचंय.

आणि भुताची गोष्ट म्हटली की तुम्ही मध्यरात्र धरून बसता. इथे मध्यरात्र नाही. दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, रविवार, दुपारचे सव्वाचार. खिडकी सताड उघडी. खाली कोणीतरी गाडी धूत होतं. जागा म्हणजे माझ्या मावशीच्या घरातली मागची खोली.

मावशी कानाच्या दवाखान्यात कामाला आहे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानाचे साचे घेते. अगदी नाजूक काम. आणि घरी आली की ती व्हिडिओ गेम बनवते.

हसू नका. कॅसेट घालून खेळायचा तो जुना व्हिडिओ गेम आठवतोय ना? चालला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची, तोच. जगाने तो केव्हाच भंगारात काढला. पण काही वेडे लोक अजून त्याच्यासाठी नवेनवे गेम करतात, मावशी त्यांतलीच. आणि तिचे जोडीदार होते वायरमनकाका.

जोडीदार म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, म्हणून सांगून टाकते. तसलं काही नव्हतं. काका दिवसभर लोकांच्या घरातल्या वायरी जोडायचे आणि संध्याकाळी गेमचा प्रोग्रॅम लिहायचे. मावशी चित्रं काढायची. सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच, एवढ्यात अख्खा माणूस उभा करायचा. अकरा वर्षं दोघांनी हेच केलं. ते तिला "बाई" म्हणायचे, ती त्यांना "अहो वायरमन". दिवसातून तीनदा भांडायचे आणि चौथ्यांदा भांडायला परत यायचे.

जूनमध्ये काका गेले. सकाळी कामावर गेले, छातीत कळ आली, तिथेच संपलं.

शेवटचा गेम अर्धवट राहिला होता. छपरांवरून चालत तुटलेल्या वायरी जोडणारा एक छोटा वायरमन. काकांनी स्वतःवरच केलेली थट्टा ती. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये या हौशी लोकांचा मेळावा भरतो, तिथे हा गेम दोघांच्या नावाने मांडायचा असं ठरलं होतं. मावशीने मनाशी पक्कं केलं, की काही झालं तरी मांडायचा.

"अकरा वर्षांत त्या माणसाने माझ्यापासून एक गोष्ट लपवली नाही," ती मला म्हणाली. "एवढं तर मी त्यांचं देणं लागते."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

असा गेम चालू करून रिमोटला हात लावला नाही, तर थोड्या वेळाने तो आपला आपण खेळून दाखवतो. पण कॅसेटमध्ये काही सिनेमा भरलेला नसतो, तेवढी जागाच नसते. आत असते फक्त कोणाच्या तरी बोटांची नोंद. अमुक क्षणी हे बटण दाबलं, तमुक क्षणी ते. गेम ती नोंद वाचतो आणि तसंच्या तसं खेळतो. या गेममधली नोंद काकांच्या बोटांची होती. चाळीस सेकंदांची.

आणि या कामात एक पथ्य असतं. गेममधला रस्ता बदलला, एक वीट जरी सरकवली, तरी नोंद नव्याने करायची. कारण नोंदीला डोळे नसतात. आधी जिथे उडी होती तिथेच ती उडी मारणार. मग समोर भिंत असो की खड्डा.

ऑगस्टमध्ये मावशीने एक खड्डा दोन विटा पुढे सरकवला. तिथे वायरमनचा पाय अडकत होता, दुरुस्ती गरजेची होती. पण नोंद तिने बदलली नाही.

"त्यांची बोटं मी पुसू?" ती म्हणाली. "माझ्याच्याने नाही व्हायचं. पडतो तर पडू दे खड्ड्यात."

तर तो रविवार.

मावशीने कॅसेट लावली. डबा टीव्ही गरम व्हायला जरा वेळ घेतो. मग चित्र आलं. ती हात पुसत खुर्चीत बसली. रिमोट टेबलावर होता.

वायरमन चालू लागला.

काकांची एक खोड होती. उडी मारायच्या आधी ते खालचं बटण दोनदा दाबायचे. त्याने उडीत काही फरक पडत नाही, पण सवय. म्हणून नोंदीतला वायरमनही उडीआधी दोनदा गुडघ्यात वाकायचा.

जुन्या जागेशी तो आला. आता वाकणार, उडी मारणार आणि धपकन खाली...

तो वाकला नाही.

तसाच पुढे चालत गेला. एक वीट. दोन विटा.

नव्या खड्ड्याच्या अगदी काठावर... तो थांबला.

दोनदा वाकला.

आणि पलीकडे गेला.

मावशीच्या हातातून फडकं गळून पडलं. तिने गेम बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिने कॉम्प्युटरवर जाऊन खड्डा आणखी तीन विटा सरकवला, कॅसेट नव्याने भरली. तो तिथेही थांबला. तिने मध्ये एक भिंत घातली. तो भिंतीपर्यंत आला, जरा उभा राहिला... आणि वरच्या छपरावरून वळसा घालून गेला.

दुसरी कोणी असती तर बोंब मारत जिना उतरली असती. मावशी रडली. पण आनंदाने रडली. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"ते आलेत गं," म्हणाली.

"मावशी, प्रोग्रॅममध्ये काहीतरी गडबड असेल," मी म्हटलं.

"असेल. पण गडबड उडीआधी दोनदा वाकते का?"

त्यानंतर रोज दवाखान्यातून आली की ती टीव्ही लावून बसायची. चाळीस सेकंदांची नोंद, पण तो मिनिटभर चालायला लागला. मग तीन मिनिटं. मग नऊ. एकच अट होती. रिमोटला बोट लागलं की सगळं थांबायचं आणि पहिलं चित्र यायचं. म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसायची आणि त्याच्याशी बोलायची. दवाखान्यात आज कोण आलं, गुडघा कसा दुखतोय, सगळं. मला फोनवर सांगायची तेव्हा तिचा आवाज हलका झालेला असायचा. काका गेल्यापासून ती पहिल्यांदाच नीट जेवत होती. मी तिला काय सांगणार होते? मी आपली "हं, हं" करत राहिले.

तिसऱ्या रविवारी तो शेवटच्या छपरावर पोचला.

ते छप्पर मावशीने एकटीने केलं होतं, काका गेल्यावर. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. तरी तो न चुकता टोकापर्यंत गेला. आणि तिथे उभा राहिला.

गाणं थांबलं.

पावलांचा आवाजही थांबला.

मावशी पुढे वाकली. "काय झालं हो वायरमन? दमलात?"

तेवढ्यात टेबलावर आवाज झाला. टक्...

तिने पाहिलं. रिमोट होता तिथेच होता. पण त्याची दोन बटणं आत गेलेली होती. कोणी दाबून धरावीत तशी.

आणि पडद्यावरचा वायरमन बदलला.

तिने काढलेला नव्हता तो. टोपी वेगळी, चेहरा वेगळा. छपरं वेगळी, वायरींवरचे कावळेसुद्धा वेगळे. अख्ख्या गेममधली तिची चित्रं गेली आणि त्या जागी दुसऱ्याच कोणाची आली.

तिने कॉम्प्युटर उघडला. काकांच्या फायली तिने तोवर फक्त लागेल तेवढ्याच पाहिल्या होत्या. आता शेवटपर्यंत गेली. तिथे चित्रांचा दुसरा संच होता, फेब्रुवारीत भरलेला. दोन बटणं एकत्र दाबली की तो सुरू व्हायचा. आणि त्याच्याशेजारी काकांनी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: नवी चित्रं. मेळाव्यात हीच लावायची. तोवर बाईंना कळू देऊ नये.

मग ती पुन्हा टीव्हीसमोर आली आणि त्या नव्या वायरमनकडे नीट बघू लागली. त्याचा डावा खांदा एक ठिपका खाली होता.

मग तिने मला फोन केला. "ये जरा," एवढंच म्हणाली.

ती चित्रं माझी होती.

लपवून काय करू? जानेवारीत काका माझ्या घरी आले होते. म्हणाले, "बाईंच्या चित्रांत आता जीव राहिला नाही गं. हात थरथरतो त्यांचा. मला तोंडावर सांगवत नाही. तू काढून दे. पण तुला माझी शपथ, त्यांना सांगायचं नाही." मला चित्र काढायला शिकवलं मावशीने. मी सात वर्षांची असल्यापासून ती ओरडायची, तुझी माणसं डाव्या खांद्याने का गं कलतात? आणि मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं होतं.

मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. मावशी खुर्चीत बसली होती. तिने मला एकेक करून सगळं सांगितलं, जे मी आत्ता तुम्हाला सांगितलं. आवाज अजिबात चढला नाही तिचा. टीव्हीवर तिचा जुना वायरमन चालत होता. पण आता तो दर वेळी खड्ड्यात पडत होता. चाळीस सेकंद, खड्डा. चाळीस सेकंद, खड्डा. जसं व्हायला हवं तसं.

मला आतून सुटल्यासारखं झालं. चला, गेला तो.

"ती दुसरी चित्रं कोणी काढली असतील?" मावशीने विचारलं. माझ्याकडे न बघता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला काय माहीत, मावशी. मेळाव्यातलं कोणीतरी असेल."

पडद्यावर वायरमन खड्ड्याच्या काठाशी आला होता...

तो थांबला.

खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. आमच्या दोघींचे हात मांडीवर होते.

टक्...

माझा वायरमन पडद्यावर उभा होता. डावा खांदा एक ठिपका खाली. तो काही उडी मारेना, चालेना. नुसता उभा, आमच्याकडे तोंड करून. आणि मी देवाशपथ सांगते, समोर तोंड केलेलं चित्र मी काढलंच नव्हतं. या गेममध्ये सगळी माणसं एका बाजूनेच दिसतात.

"तू नाही सांगितलंस," मावशी म्हणाली. "त्यांनी सांगितलं बघ."

ती उठली. टीव्ही बंद केला, कॅसेट काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"घेऊन जा. तुमची दोघांची आहे ती."

मेळाव्याला मावशी गेली नाही. घरातला तो सगळा पसारा तिने कोणा हौशी माणसाला देऊन टाकला. काकांचं नाव ती आता घेत नाही. माझे फोन उचलते, पण कामापुरतं बोलते आणि ठेवते.

सुरुवातीला मला काकांचा राग यायचा. स्वतःच शपथ घालायची आणि स्वतःच जाऊन सांगायचं? मला असं उघडं पाडायचं? मेलेल्या माणसाने दगा द्यावा म्हणजे कमाल झाली.

पण एक गोष्ट राहिली आहे. ती मी मावशीला सांगितलेली नाही, आजपर्यंत कोणालाच नाही.

काका जायच्या दोन दिवस आधी त्यांचा मला फोन आला होता. म्हणाले, "माझं चुकलं गं. माझ्याने हे लपवलं जात नाही. ती चित्रं मी काढून टाकतो आणि बाईंना जाऊन सगळं सांगतो. ओरडतील, ओरडू देत." मी घाबरले. मावशीला तोंड कसं दाखवणार? मी त्यांच्या विनवण्या केल्या. म्हटलं, काका, माझ्यासाठी, मेळावा होईपर्यंत थांबा. मग म्हणाले, "बरं. तू म्हणतेस म्हणून."

म्हणजे मावशी समजते तसे ते शेवटपर्यंत आपणहून लपवत नव्हते. त्यांना मी थांबवलं. हे तिला सांगितलं तर तिचे वायरमन तिला परत मिळतील, आणि मी मात्र उरणार नाही. म्हणून दोन वर्षं मी गप्प आहे.

कॅसेट माझ्या कपाटात आहे, कपड्यांच्या खाली. फेकून द्यायचं धाडस होत नाही. लावायचा तर प्रश्नच नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी घरात कोणी नसताना बैठकीच्या खोलीतला टीव्ही आपोआप लागला. पडद्यावर काही नव्हतं. नुसता निळा उजेड... आणि आवाज नाही. मी प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी तो टीव्ही मी देऊन टाकला. नवऱ्याला सांगितलं, मुलांच्या अभ्यासासाठी.