माती नसलेली टोपली

"बघा, बघा! एक कण माती नाही," असं म्हणत आत्याने टोपली उंच धरली आणि सगळ्या स्वयंपाकघराला दाखवली. सगळं स्वयंपाकघर म्हणजे आतोबा, भोपळा आणि खार. आतोबांनी बटाटे सोलता सोलता मान डोलावली, भोपळ्याने जांभई दिली आणि खारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

कारण टोपली शहाणीची होती.

खार दर सुट्टीत धाकट्या भावाला घेऊन आत्याकडे येई. हा भाऊ म्हणजे भोपळा. गणिताच्या पेपरात एकदाच मिळालेला भोपळा त्याला जन्माचा चिकटला होता. खारला खार म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. आत्याची खानावळ गावाच्या कडेला होती. मागे कुरण, कुरणापलीकडे झाडांची रांग. पाऊस पडून गेला की कुरणात अळंब्या उगवत आणि आत्याच्या हातचं अळंबीचं सूप प्यायला लांबलांबून लोक येत. अळंब्या आणायला आत्याबरोबर कोण जाणार, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. खार जाणार! अळंबी हलक्या हाताने मुळासकट उपटायची, मातीसकट टोपलीत ठेवायची, मग मागच्या टेबलावर एकेक हातात घेऊन ब्रशने झाडायची, अशी आत्याच्या घरची रीत. ब्रश खारचा होता. टेबलही जवळजवळ तिचंच होतं.

यंदा मात्र शहाणी आली. ही त्यांची चुलतबहीण, खारच्याच वयाची. इतकी वर्षं तिचे आईवडील फार लांब राहत, त्यामुळे आत्याकडे ती पहिल्यांदाच आली होती. अळंब्यांचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. वर तिच्याकडे घडीचा चाकू! त्या चाकूने ती अळंबी देठातून सप्पकन कापे. टोपलीत ना मुळं, ना माती. आत्या तर भाळलीच. घरात सगळे कौतुकाने तिला शहाणी म्हणत. खार मनातल्या मनात त्याच्या आधी 'अति' लावी.

आज संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बाईंच्या निरोपाचं जेवण होतं. अर्धं गाव यायचं होतं. कामाच्या धबडग्यात आत्याने शहाणीला एकटीलाच कुरणात पाठवलं आणि खारला ग्लास पुसायला बसवलं. खारला आत्याने आजवर एकटीला कधी पाठवलं नव्हतं. ती ग्लास पुसत होती खरी, पण इतक्या जोरात, की एकाचा टवका उडाला.

आत्या आणि आतोबा बाहेर टेबलं मांडायला गेले, तेव्हा खार हळूच टोपलीपाशी गेली. कशाला, तर मातीचा एक तरी कण शोधायला. एक कण सापडला असता तरी तिला त्या दिवशी पोटभर जेवल्यासारखं वाटलं असतं. ती एकेक अळंबी उलटी करून पाहू लागली. टोपीखालच्या बारीक चुण्या बहुतेक ठिकाणी गुलाबी होत्या, काही ठिकाणी तपकिरी. माती कुठेच नाही. आणि मग एक अळंबी आली, तिच्या चुण्या पांढऱ्याशुभ्र होत्या. मग आणखी एक. मग आणखी.

"सापडली!" खार आनंदाने ओरडलीच. मग तिच्या अंगावर काटा आला. कारण ब्रशने झाडताना पांढऱ्या चुण्यांची अळंबी आली, की ती आत्याकडे न्यायची. आत्या तिचं मूळ पाहायची, मुळाशी पिशवी दिसली की तोंड वाकडं करून फेकून द्यायची. पण इथे पाहायला मूळच नव्हतं. ते कुरणात राहिलं होतं.

ती धावत आत्याकडे गेली आणि सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, कोवळ्या असतील. खार म्हणाली, मूळ पाहिल्याशिवाय कसं कळणार? आत्याने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"खारे, शहाणी आल्यापासून तुझ्या पोटात दुखतंय, ते दिसतंय हो मला."

आत्याचं म्हणणं खोटं असतं तर खार भांडली असती. पण ते शंभर टक्के खरं होतं. तिच्या पोटात दुखत होतं आणि तरीही चुण्या पांढऱ्या होत्या. दोन्ही एकदमच खरं होतं, पण हे कुणाला पटवायचं?

"चल, तुझी शंकाच फेडते," असं म्हणत आत्याने छोट्या भांड्यात त्यातल्याच पांढऱ्या चुण्यांच्या काही अळंब्या उकळत ठेवल्या आणि त्यात सासूबाईंचा चांदीचा चमचा टाकला. अळंबी विषारी असेल तर चांदी काळी पडते, हे तिने तिच्या सासूबाईंकडून ऐकलं होतं आणि सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंकडून. थोड्या वेळाने चमचा बाहेर काढला, तर तो लखलखीत! आत्याने तो खारच्या नाकासमोर नाचवला आणि स्वच्छ धुऊन टेबलावर ठेवला. तिच्या दृष्टीने विषय संपला.

खारच्या दृष्टीने तो आत्ता सुरू झाला होता. तिने भोपळ्याला टोपलीजवळ उभं केलं. अळंब्या कापायला घेतल्या तर काहीही कर, रड, लोळ, पण कापू देऊ नकोस, असं बजावलं. भोपळ्याने सैनिकासारखा सलाम ठोकला.

आता एकच काम उरलं होतं, आणि ते तिच्या जिवावर आलं होतं. अळंब्या नेमक्या कुठून आणल्या, हे एकट्या शहाणीलाच माहीत होतं.

शहाणी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. खारने घसा खाकरला आणि कसंबसं विचारलं. शहाणी फणकारेल, आत्याकडे तक्रार करेल, असं तिला वाटलं होतं. पण शहाणीचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"किती आहेत पांढऱ्या चुण्यांच्या?" तिने हळू आवाजात विचारलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"शंका आली होती," शहाणी म्हणाली. "चल लवकर."

दोघी कुरणात पळाल्या. गवतातून जाता जाता शहाणीने जागा दाखवल्या. कापलेले देठ अजून जमिनीत उभे होते. खारने शहाणीच्या चाकूने भोवतालची माती सैल करून एकेक मूळ वर काढलं. बारीक, चिखलाळ, साधं मूळ. पिशवी नाही. दुसरंही तसंच, तिसरंही तसंच. खारला वाटलं, आता आत्या खरी ठरणार आणि आपण फक्त जळकुकड्या. हे वाटत असतानाही एक गोष्ट तिला लागून राहिली: या सगळ्या जागा तिला आधीपासून ठाऊक होत्या आणि त्यांनी तिच्या नकळत शहाणीलाही आपलंसं केलं होतं.

"आणि बाकीच्या?"

शहाणीने झाडांच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे आत्या कधीच जात नसे.

"तिथे कशाला गेलीस?"

"टोपली भरत नव्हती!" शहाणीला रडू फुटलं. "तुझी टोपली नेहमी काठोकाठ भरते, हे आतोबा रोज सांगतात. खार अशी उपटते, खार तशी झाडते. तुझी खुर्ची, तुझं टेबल, तुझा खिडकीजवळचा पलंग. मला त्या घरात कुठे बसायचं तेही विचारावं लागतं. म्हटलं, एकदा तरी तुझ्यापेक्षा जास्त आणीन."

खार आ वासून पाहत राहिली. हिला, हिला माझा हेवा वाटतो? चाकू हिच्याकडे, पुस्तक हिच्याकडे, आत्या हिच्याकडे! तिला राग आला, हसू आलं, थोडंसं बरंही वाटलं. पण बोलायला वेळ नव्हता.

झाडाखाली कापलेले देठ होते. खारने खोल खणलं, माती अलगद बाजूला केली. देठाच्या बुडाशी पांढरी, पातळ पिशवी होती, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी.

"हीच ती," शहाणी म्हणाली. "पुस्तकातली सगळ्यात वाईट. शिजवली तरी विष जात नाही. चवीला छान लागते म्हणे. आणि जेवल्याबरोबर काही होतही नाही, दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तोवर उशीर झालेला असतो."

पिशवीचं मूळ मोठ्या पानात गुंडाळून दोघी सुटल्या.

स्वयंपाकघरात शिरताच वास आला. सुपाचा! मोठं पातेलं चुलीवर रटरटत होतं. टोपली रिकामी होती. आणि भोपळा? आत्याने त्याला उकडलेलं अंडं दिलं होतं. तिथेच पहारा संपला होता. आत्या डावात थोडं सूप घेऊन मीठ बरोबर आहे का ते बघायला तोंडाजवळ नेत होती.

खारने झेप घेतली. डाव उडाला, सूप भिंतीवर गेलं, आत्या किंचाळली, आतोबा धावत आले. खारने टेबलावर पान उलगडलं. शहाणीने पुढे होऊन सांगितलं, की या अळंब्या तिनेच झाडाखालून कापल्या होत्या. एक शब्दही तिने गाळला नाही.

आत्या पिशवीकडे पाहतच राहिली. मग पातेल्याकडे. अर्धं गाव जेवायला यायचं होतं.

"पण चमचा," ती पुटपुटली. "चमचा तर काळा पडला नाही."

"हा चमचा?" भोपळ्याने विचारलं. "हा काळाच आहे की!"

सगळे वळले. टेबलावर पडलेला चांदीचा चमचा घेऊन भोपळ्याने गरम अंडं खाल्लं होतं, आणि चमच्याच्या टोकाला काळपट डाग पडला होता.

"अरे बापरे, अंडं विषारी होतं?" भोपळा घाबरून पोट चाचपू लागला.

"नाही रे," शहाणी म्हणाली. "अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. विषाशी तिचा काही संबंध नाही."

आतोबा आधी खो खो हसले, मग त्यांनी चमचा उचलून नीट पाहिला. चांगल्या अंड्याने चमचा काळा केला होता आणि विषारी अळंबीने तो लखलखीत ठेवला होता. हे आता ज्याच्या त्याच्या लक्षात आलं. आत्याने पातेलं उचललं. आतोबांनी परसात खड्डा खणला. सूप त्यात गेलं आणि वर माती पडली.

संध्याकाळी पाहुण्यांना बटाट्याचं सूप मिळालं. मोठ्या बाईंनी विचारलं, अळंबीचं कुठे आहे? आत्याला काहीतरी थाप मारता आली असती. पण ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि झालं ते सांगितलं. रीत आईची होती, ती का होती ते मीच विसरले, चाकूचं कौतुक केलं आणि ज्या पोरीने इशारा दिला तिलाच हिणवलं, असं म्हणाली. मग तिने खारला जवळ ओढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

खारने त्या टाळ्या मनसोक्त घेतल्या. एकही सोडली नाही. इतके दिवस तिला हेच तर हवं होतं! मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. शहाणी तिथे भिंतीला चिकटून उभी होती. खारला टाळ्या वाटून घ्यायची मुळीच इच्छा नव्हती. तरी ती म्हणाली, "जागा हिने दाखवली. नाहीतर मी काय खणणार होते?" आणि तिने शहाणीला हाताला धरून पुढे आणलं.

मोठ्या बाईंनी दोघींच्या पाठीवर थाप मारली. असं कसं गं तुला नेमकं दिसलं, असं त्यांनी खारला विचारलं.

"मी हिच्या टोपलीत खोट शोधत होते," खार म्हणाली.

सगळे हसले. आत्या मात्र हसली नाही. तिने तिथल्या तिथे नवा नियम केला. यापुढे अळंबी मुळासकटच येईल. खारची टोपली शहाणी तपासेल, शहाणीची खार. ज्या अळंबीवर दोघींपैकी एकीलाही शंका येईल, ती वाद न घालता फेकायची, आणि उरलेल्याही शेतकी कॉलेजच्या सरांना दाखवल्याशिवाय चुलीवर चढणार नाहीत. "लाडाने बघणाऱ्याला काही दिसत नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही दोघी एकमेकींकडे बघता तसं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या टेबलावर दोन चिखलाळ टोपल्या समोरासमोर होत्या. खारने शहाणीची टोपली उलटीपालटी करून पाहिली. काही सापडलं नाही. तिला फार वाईट वाटलं. शहाणीने खारच्या टोपलीतली एक अळंबी उचलली, नाकाजवळ नेली आणि बाजूला ठेवली.

"ती चांगली आहे," खार चिडून म्हणाली.

शहाणीने देठाचं बूड नखाने खरवडलं. ते पिवळंजर्द झालं. "याने पोट बिघडतं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या लपेना.

खार चडफडली. मग तिने ती अळंबी हातात घेतली, खरवडलेली जागा नीट पाहिली, आणि स्वतःच्या हाताने फेकून दिली.